शोधाच्या दोन वाटा : इंकजेट मुद्रण आणि कयाकची सुरक्षा-साधने

दुधाच्या पिशवीवरील तारीख, औषधाच्या वेष्टनावरील तुकडी क्रमांक किंवा शीतपेयाच्या बाटलीच्या मानेवरील बारीक अक्षरे आपण रोज वाचतो. ही अक्षरे उमटताना छपाई यंत्राचा कोणताही भाग त्या वस्तूला टेकत नाही. शाईचे सूक्ष्म थेंब हवेतून झेपावतात आणि ठरलेल्या जागी जाऊन बसतात. या तंत्रास 'इंकजेट मुद्रण' असे म्हणतात. कयाक ही अरुंद, एक किंवा दोन माणसांची, दुपात्या वल्ह्याने चालविली जाणारी होडी होय. ती उलटली तर आत बसलेल्या माणसाकडे एका श्वासाइतकाच अवधी असतो. तेवढ्या अवधीत उपयोगी पडणारी साधने गेल्या शतकभरात विकसित झाली.

वरकरणी या दोन विषयांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तथापि अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात विलामेट नदीकाठी कोर्वालिस नावाचे शहर आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या इंकजेट तंत्राचा विकास व उत्पादन मोठ्या प्रमाणावर या शहरात झाले. कॅस्केड पर्वतातून उतरणाऱ्या वेगवान नद्या व पॅसिफिक महासागराचा थंड किनारा या शहराच्या आवाक्यात आहे. दिवसा प्रयोगशाळेत थेंबाचा अभ्यास करणारा अभियंता सुटीच्या दिवशी कयाक घेऊन नदीत उतरतो आणि तेथे जाणवलेल्या धोक्यावर घरच्या कार्यशाळेत उपाय शोधतो, अशी कल्पना करणे येथे अवघड नाही. अभियंता तोच, त्याला अवगत असलेले द्रवगतिकीचे नियमही तेच. परंतु प्रयोगशाळेतील शोधाचे अर्थकारण आणि घरच्या कार्यशाळेतील शोधाचे अर्थकारण यांत मूलभूत फरक आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात 'नवप्रवर्तन' व 'बौद्धिक संपदा' हे घटक बहुधा पहिल्या वाटेच्या आधारे शिकविले जातात. प्रस्तुत लेखात दोन्ही वाटांचा परामर्श घेऊन भारताच्या दृष्टीने त्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सिद्धान्तापासून यंत्रापर्यंत

नळाची तोटी किंचित उघडली असता पाण्याची धार काही अंतर सलग राहते आणि पुढे तिचे थेंब होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फेलिक्स सावार यांनी १८३३ मध्ये या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये तिचे गणित मांडले. पृष्ठीय ताणामुळे द्रवाची धार कमीत कमी पृष्ठफळाकडे झुकते. धारेच्या परिघापेक्षा अधिक लांबीचे कंपन तिच्यात निर्माण झाले की ते वाढत जाते आणि धार तुटते. धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीचे कंपन सर्वाधिक वेगाने वाढते. याचा अर्थ असा की, योग्य वारंवारतेचे कंपन बाहेरून दिल्यास एकसारख्या आकाराचे थेंब मिळविता येतात.

हा सिद्धान्त उपयोगात येण्यास सात दशके लागली. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाच्या विद्युत्-आलेखासाठी शाईच्या बारीक धारेने रेषा काढणारे यंत्र तयार केले. त्याचे अमेरिकी पेटंट १९५१ मध्ये मिळाले. एल्मक्विस्ट यांचे शिक्षण वैद्यकशास्त्राचे होते, काम मात्र त्यांनी अभियंत्याचे केले. याच एल्मक्विस्ट यांनी तयार केलेला, शरीरात बसविता येणारा पहिला हृदय-गतिकारक ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसविला. ते पहिले यंत्र अल्पकाळच चालले. पुढे अनेक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्या क्षेत्रात किती मोलाचे ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी धारेतून सुटणाऱ्या प्रत्येक थेंबाला विद्युत्-भार देऊन त्याची दिशा वळविण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीत धार अखंड वाहते. हवे ते थेंब वस्तूवर पडतात व उरलेली शाई पुन्हा टाकीत जाते. वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावरील पिशव्या-बाटल्यांवर तारीख छापण्यासाठी आजही हीच 'अखंड धार' पद्धत वापरली जाते. पुढील टप्पा 'मागणीनुसार थेंब' या पद्धतीचा होता. विद्युत्-दाब दिला असता किंचित आकार बदलणाऱ्या स्फटिकसदृश पदार्थाच्या, म्हणजे पिझोविद्युत घटकाच्या साहाय्याने शाईला धक्का देऊन हवा तेव्हाच एक थेंब बाहेर काढण्याची पेटंटे १९७० च्या दशकात झोल्टन, स्टेमे, तसेच कायझर व सीअर्स यांना मिळाली.

उष्णतेचा क्षणिक बुडबुडा

घराघरांत पोहोचलेल्या इंकजेटचा पाया मात्र वेगळ्या कल्पनेवर उभा राहिला. जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असे पाहिले की, शाई भरलेल्या सुईला तापलेल्या डाखण-सळईचा स्पर्श होताच सुईच्या टोकातून शाई उडाली. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत जॉन व्हॉट व त्यांचे सहकारी १९७९ च्या सुमारास स्वतंत्रपणे त्याच तत्त्वापर्यंत पोहोचले. दोन देशांत, परस्परांना ठाऊक नसताना, जवळजवळ एकाच वेळी एकच शोध लागला. ज्ञानाचा साठा परिपक्व झाला की शोध 'हवेत' असतो, या आर्थिक इतिहासकारांच्या म्हणण्याला त्यामुळे पुष्टी मिळते.

या पद्धतीचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. शाईच्या सूक्ष्म कप्प्याच्या तळाशी विद्युत्-रोधकाचा पातळ थर असतो. त्यातून काही मायक्रोसेकंद विद्युत्-प्रवाह सोडला की त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. त्याला लागून असलेला शाईचा अतिशय पातळ थर एकाएकी वाफ होऊन बुडबुडा तयार होतो. बुडबुडा प्रसरण पावताना वरच्या छिद्रातून थेंब बाहेर ढकलला जातो. बुडबुडा मिटताच कप्प्यात नवी शाई ओढली जाते. हा सर्व व्यवहार सेकंदाला हजारो वेळा घडतो. आजच्या मुद्रण-शीर्षातून सुटणारा थेंब काही पिकोलिटर आकारमानाचा असतो. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग होय.

कल्पना सोपी असली तरी ती टिकाऊ करणे कठीण होते. वारंवार तापण्यामुळे शाईतील द्रव्ये करपून रोधकावर पुटे चढत. जपानी भाषेतील 'करपणे' या अर्थाच्या शब्दावरून या दोषाला अभियंत्यांच्या परिभाषेत 'कोगेशन' हे नाव पडले. बुडबुडा मिटताना बसणाऱ्या सूक्ष्म आघातांमुळे रोधकाला खड्डे पडत. त्यावर टँटलम धातूच्या संरक्षक थराचा उपाय करण्यात आला. शाई छिद्रात वाळू नये, पण कागदावर मात्र तत्काळ वाळावी, या परस्परविरोधी गरजा रसायनशास्त्रज्ञांना भागवाव्या लागल्या. ह्यूलेट-पॅकार्डचे 'थिंकजेट' हे बारा छिद्रांचे यंत्र १९८४ मध्ये बाजारात आले. १९८८ मध्ये आलेल्या 'डेस्कजेट'ची किंमत ९९५ डॉलर होती. पुढील दीड-दोन दशकांत शंभर डॉलरच्या आसपास व त्याहून कमी किमतीतही अशी यंत्रे मिळू लागली.

पेटंट, किंमत आणि शाईचे अर्थशास्त्र

या प्रवासात पहिल्या वाटेची सर्व वैशिष्ट्ये आढळतात. संशोधनाचा स्थिर खर्च प्रचंड असतो. एकदा तंत्र साध्य झाले की पुढील प्रत्येक नगाचा सीमांत खर्च अल्प असतो. ज्ञान ही 'अप्रतिस्पर्धी' वस्तू आहे. म्हणजे एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. त्यामुळे संरक्षण नसेल तर अनुकरण करणारे सीमांत खर्चाला माल विकतील आणि संशोधनाचा खर्च कोणीच उचलणार नाही. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ही समस्या मांडली. पॉल रोमर यांनी ज्ञानाच्या या गुणधर्मावर आर्थिक वाढीचा सिद्धान्त उभारला व त्यांना २०१८ मध्ये नोबेल पुरस्काराने गौरविण्यात आले. ठरावीक मुदतीची मक्तेदारी देऊन त्या बदल्यात शोधाचा संपूर्ण तपशील समाजासमोर उघड करून घेणे, हा पेटंट पद्धतीचा सौदा होय.

या सौद्याची दुसरी बाजूही इंकजेटच्या इतिहासात दिसते. उत्पादकांनी यंत्राची किंमत उतरविली आणि नफा शाईच्या कुपीतून मिळविला. यालाच 'वस्तरा आणि पाती' पद्धतीची किंमत-आकारणी म्हणतात. तिच्यामुळे कमी छपाई करणाऱ्या ग्राहकाला यंत्र परवडते आणि अधिक छपाई करणारा अधिक मोबदला देतो. म्हणजेच ती मूल्यभेदाचा एक प्रकार आहे. परंतु एकदा यंत्र घेतल्यावर ग्राहक त्याच कंपनीच्या शाईशी बांधला जातो. अर्थशास्त्रात यास 'बदलाचा खर्च' म्हणतात. कुपी पुन्हा भरून विकणाऱ्यांना पेटंटाच्या आधारे रोखता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या मुद्रण-कुपींविषयीच्या खटल्यात ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, वस्तूची विक्री होताच तिच्यावरील पेटंटहक्क संपुष्टात येतो. या तत्त्वास 'हक्कसमाप्ती' असे म्हणतात. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम १०७-अ मध्ये समांतर आयातीस दिलेली मुभा याच तत्त्वाशी निगडित आहे.

येथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. शोध लावणारा अभियंता पगारदार असेल तर पेटंटाचे उत्पन्न कोणाचे? नोकरीच्या करारानुसार हक्क सर्वसाधारणपणे कंपनीकडे जातो. जर्मनीने १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा करून कर्मचारी-संशोधकाला वाजवी मोबदल्याचा हक्क दिला. भारतीय पेटंट कायद्यात अशी विशेष तरतूद नाही, ही बाब करारावर सोपविलेली आहे.

कयाक : उपजीविकेच्या साधनाकडून क्रीडेकडे

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. कयाकचे मूळ उत्तर ध्रुवीय प्रदेशात आहे. इन्युइट व अन्य जमातींनी लाकूड व हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही होडी बनविली. सीलची शिकार हे तिचे प्रयोजन होते. ग्रीनलंडमधील शिकारी 'तुइलिक' नावाचा कातडी अंगरखा घालीत. तो चेहरा, मनगटे व होडीच्या बैठकीचा कठडा या तिन्ही ठिकाणी घट्ट बसे, त्यामुळे होडी उलटली तरी आत पाणी शिरत नसे. उलटलेली होडी वल्ह्याच्या व कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ करण्याची विद्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली होती. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पोहणे म्हणजे मृत्यू, हे त्यामागील कारण होते. आधुनिक सुरक्षा-साधनांचा आरंभ कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नसून तो या अनामिक वापरकर्त्यांच्या अनुभवात झालेला आहे.

युरोपात आल्फ्रेड हॉइरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये घडी घालता येणारी कयाक बनविली आणि १९०७ मध्ये योहान क्लेपर यांनी तिचे हक्क घेऊन व्यापारी उत्पादन सुरू केले. ऑस्ट्रियाचे हान्स एडी पावलाटा यांनी प्रवासवर्णने वाचून १९२७ मध्ये होडी सरळ करण्याचे कौशल्य आत्मसात केले. ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स यांनी ते ग्रीनलंडमध्ये स्थानिकांकडून प्रत्यक्ष शिकून घेतले. १९३२ मध्ये ग्रीनलंडच्याच समुद्रात एकट्याने कयाकमधून शिकारीस गेले असता त्यांचा मृत्यू झाला. कौशल्य असले तरी साधनांचा आधार व सोबती आवश्यक असतात, हा धडा या घटनेतून मिळतो.

सुरक्षा-साधनांमागील विज्ञान

पाणी हवेच्या तुलनेत शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही. सुमारे दहा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात आणि शरीराचे तापमान घसरून शुद्ध हरपण्यास सुमारे एक तास लागतो. याचा अर्थ असा की, बुडून होणारे पुष्कळ मृत्यू गारठ्याच्या आधीच, पहिल्या काही मिनिटांत ओढवतात. म्हणून पाण्यात पडल्यानंतर चढविण्याच्या जाकिटाचा उपयोग फार थोडा असतो, ते आधीपासून अंगावर असावे लागते.

मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. त्यामुळे डोके पाण्याबाहेर ठेवण्यापुरते अतिरिक्त प्लावक बल पुरेसे होते. आंतरराष्ट्रीय मानकांत ५०, १००, १५० व २७५ न्यूटन अशा श्रेणी आहेत. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोग्रॅम वजन उचलून धरणारे बल. शुद्धीवर असलेल्या व पोहता येणाऱ्या व्यक्तीसाठी ते पुरते. बेशुद्ध व्यक्तीला उताणे करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी मात्र १५० न्यूटनची श्रेणी लागते. कयाक चालविणारे बहुधा पहिली श्रेणी स्वीकारतात, कारण जाड जाकिटामुळे वल्हविणे व होडी सरळ करणे कठीण होते. अधिक सुरक्षितता आणि अधिक हालचाल यांतील ही निवड प्रत्येक सुरक्षा-साधनाच्या रचनेत करावी लागते.

काही साधनांत कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरली जाते. ३३ ग्रॅम वायू मोकळा होताच साधारण तापमानाला सुमारे १८ लिटर जागा व्यापतो व सुमारे १७५ न्यूटनचे प्लावक बल निर्माण करतो. याच तत्त्वावर, उलटलेल्या कयाकमधील व्यक्तीला हाताचा आधार घेऊन सरळ होता यावे, अशी फुगणारी पिशवी होडीच्या पृष्ठभागावर बसविण्याची साधनेही बनली आहेत. इंकजेटमध्ये वायूचा बुडबुडा मायक्रोसेकंदांत तयार व्हावा लागतो, येथे तो एका श्वासाच्या अवधीत. दोन्हीकडे ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या आकारमानाचा वायू न चुकता निर्माण होणे हीच अभियंत्याची कसोटी असते.

इतर साधनेही विचारपूर्वक घडविलेली आहेत. बैठकीभोवती ताणून बसविला जाणारा जलरोधक घेर पाणी आत येऊ देत नाही, पण उलटलेल्या होडीत तोच माणसाला अडकवून ठेवू शकतो. म्हणून त्याच्या पुढील टोकाला ओढण्याची कडी असते आणि ती नेहमी बाहेर राहील याची काळजी घ्यावी लागते. होडीत पाणी भरल्यास तिचे वजन किती वाढते, याचा अंदाज तिच्या आकारमानावरून येतो. सुमारे ३०० लिटर आकारमानाची समुद्री कयाक भरली तर सुमारे ३०० किलोग्रॅम पाणी उपसावे लागेल. यावर उपाय म्हणून पुढे-मागे हवाबंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या ठेवतात. वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी चढविली की वल्हे बाजूच्या आधारासारखे काम करते आणि पाण्यात पडलेला माणूस एकट्याने होडीत चढू शकतो. वेगवान नदीत वाहून जाणाऱ्याला फेकावयाची दोराची पिशवी, तसेच दोर अडकल्यास एका झटक्यात सुटणारा बचाव-पट्टा ही साधनेही याच मालिकेतील होत. माणसाला वाचविणारे साधन त्याला अडकविणारे ठरू नये, हे सूत्र त्या सर्वांत समान आहे.

वापरकर्ताच संशोधक

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील अर्थतज्ज्ञ एरिक व्हॉन हिपेल यांनी १९८० च्या दशकापासून असे दाखविले की, अनेक क्षेत्रांत नवप्रवर्तनाचा उगम उत्पादकांपाशी नसून वापरकर्त्यांपाशी असतो. इतरांच्या आधी गरज जाणवणाऱ्या व तिच्यावर स्वतः उपाय शोधणाऱ्या अशा व्यक्तींना त्यांनी 'अग्रणी वापरकर्ते' म्हटले. त्यांनी हिएनेर्थ व येन्सन यांच्यासह वेगवान नद्यांतील कयाकिंगच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या इतिहासाचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, महत्त्वाची नवप्रवर्तने घडविण्यात वापरकर्ते एकत्रितपणे उत्पादकांच्या सुमारे तिप्पट कार्यक्षम असल्याचे आढळले.

याची कारणे अर्थशास्त्रीय आहेत. पहिले, गरजेविषयीची माहिती वापरकर्त्यापाशी असते आणि ती दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे खर्चिक असते. लाटेखाली कडी हाताला लागत नाही म्हणजे नेमके काय होते, हे बाजार-पाहणीच्या प्रश्नावलीत मावत नाही. दुसरे, त्याला चाचणीसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही, त्याचा पुढचा प्रवास हीच चाचणी असते. तिसरे, त्याचा मोबदला स्वतःच्या उपयोगातच मिळतो. त्यामुळे तो आपली कल्पना सोबत्यांना विनामूल्य सांगतो आणि ते तीत भर घालतात.

या वाटेलाही मर्यादा आहेत. स्वतःची गरज भागली की संशोधकाला त्या साधनाच्या प्रसारासाठी श्रम व पैसा खर्च करण्याचे कारण उरत नाही. समाजाला होणारा लाभ त्याच्या हिशेबात येत नाही. परिणामी उपयुक्त साधन चार मित्रांपुरते मर्यादित राहते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही प्रसाराच्या टप्प्यावरील 'बाजार-विफलता' होय. शिवाय क्रीडा-साधनांची बाजारपेठ लहान असते. पेटंटाचा खर्च भरून निघण्याइतकी विक्री होईलच असे नसते.

सुरक्षा-साधनांच्या बाबतीत यात आणखी दोन अडचणींची भर पडते. अपघाताची शक्यता लोक कमी लेखतात, त्यामुळे मागणी समाजाच्या दृष्टीने आवश्यक पातळीपेक्षा कमी राहते. तसेच जाकिटाची गुणवत्ता ग्राहकाला खरेदीच्या वेळी कळत नाही. ती संकटाच्या क्षणीच कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. अशा असममित माहितीच्या बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. म्हणून मानके, चाचणी व सक्ती ही राज्यसंस्थेची कामे ठरतात.

भारताच्या संदर्भात

भारतात हा विषय छंदापुरता मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२२ या एका वर्षात बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या ३८ हजारांहून अधिक होती. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी झालेल्या नौका-दुर्घटनेत २२ जणांचा, तर वडोदऱ्यातील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेल्या १२ विद्यार्थ्यांचा व २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. मुंबईत गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेला १८ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या अपघातात १५ जण दगावले. त्यानंतर तेथील प्रवाशांना जीवनरक्षक जाकीट बंधनकारक करण्यात आले. अशा दुर्घटनांनंतर जाकिटांची चर्चा होते. परंतु जाकीट नौकेत असणे आणि ते प्रवाशाच्या अंगावर असणे यांतील फरक आधी सांगितलेल्या पहिल्या काही मिनिटांच्या हिशेबावरून स्पष्ट व्हावा.

धोरणाच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ मध्ये जीवरक्षक साधनांविषयी तरतुदी आहेत. यंत्राशिवाय चालणाऱ्या नौकांचाही त्यात विचार केला आहे. भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ नुसार केंद्र सरकार गुणवत्ता नियंत्रण आदेशाद्वारे एखादे मानक सक्तीचे करू शकते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी आराखडा जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन म्हणून घोषित केलेला आहे.

पहिल्या वाटेबाबत, म्हणजे संघटित संशोधनाबाबत, भारताची स्थिती संमिश्र आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १९९९, २००२ व २००५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. पेटंटाची मुदत वीस वर्षे झाली आणि औषधे व अन्नपदार्थांनाही उत्पादन-पेटंट लागू झाले. २०२२-२३ पासून निवासी अर्जदारांचे अर्ज निम्म्याहून अधिक झाले आहेत, ही बाब आश्वासक आहे. परंतु २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार संशोधन व विकासावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या केवळ ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा तोकडा होता. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवप्रवर्तन योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. इंकजेटसारखे तंत्र उभे राहण्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्म-निर्मिती यांत दीर्घकाळ गुंतवणूक करावी लागते, हे लक्षात घेता अशा निधीचे महत्त्व कळते.

दुसऱ्या वाटेसाठीही भारतात पाया घातला गेला आहे. प्रा. अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू केले. त्यातून २००० मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. २०१० पासून ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था आहे. बिहारमधील मोतिहारीचे मोहम्मद सैदुल्ला यांनी १९७५ च्या पुराचा अनुभव घेऊन जमिनीवर व पाण्यावर चालणारी सायकल बनविली. हवेने भरलेले तरंगक बसवून त्यांनी प्लावक बलाचा उपयोग करून घेतला. २००५ मध्ये प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. पूरग्रस्त गावातील हा कारागीर आणि वेगवान नदीतील कयाकपटू यांच्या परिस्थितीत महदंतर असले तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोघेही 'अग्रणी वापरकर्ते'च होत. सैदुल्लांची सायकल नावाजली गेली, पण घरोघरी पोहोचली नाही. प्रसाराच्या टप्प्यावरील बाजार-विफलता म्हणजे काय, हे यावरून समजते.

समारोप

२०२५ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार जोएल मोकिर, फिलिप अगियाँ व पीटर हॉविट यांना नवप्रवर्तनावर आधारित वाढीच्या स्पष्टीकरणासाठी मिळाला. मोकिर यांच्या मांडणीचा गाभा असा की, 'का घडते' याचे ज्ञान आणि 'कसे करावे' याचे ज्ञान यांची सांगड बसली तरच प्रगती टिकते. रॅले यांचे गणित एल्मक्विस्ट व व्हॉट यांच्या यंत्रांपर्यंत पोहोचले ते या सांगडीमुळे. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना 'कसे करावे' हे शतकानुशतके ठाऊक होते. त्याला प्लावक बलाचे व शरीरशास्त्राचे 'का' जोडले गेल्यावर मानके तयार झाली.

यातून धोरणासाठी तीन निष्कर्ष निघतात. जेथे स्थिर खर्च मोठा व बाजारपेठ विस्तृत आहे तेथे पेटंट व सार्वजनिक संशोधन-निधी ही साधने योग्य ठरतात, मात्र त्यासोबत स्पर्धा व हक्कसमाप्तीची दक्षता हवी. जेथे शोध वापरकर्त्यांकडून येतो तेथे पेटंटापेक्षा चाचणी-सुविधा, आरेखन-साहाय्य, सरकारी खरेदी व प्रसार यांना अधिक महत्त्व आहे. आणि जेथे प्रश्न जिवाचा आहे तेथे शोध, मानक व अंमलबजावणी या तिन्ही कड्या एकमेकींत अडकविल्याखेरीज साखळी पूर्ण होत नाही. मासेमार, नावाडी आणि पुराच्या पाण्यातून शाळेत जाणारी मुले यांच्या अंगावर, परवडणाऱ्या किमतीचे व खात्रीचे जाकीट नियमितपणे दिसू लागेल, तेव्हा या दोन्ही वाटा आपल्या देशात एकत्र आल्या असे म्हणता येईल.